बंदरआळीतले शाकाहारी

मालवण,
१४ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस,
विनोदचा सप्रेम जयभीम. वि. वि. आईला आम्हा दोघांचा जयभीम सांग आणि हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. फोनवर सांगितलेलं तिला दुसऱ्या दिवशी खरं वाटत नाही, कागदावरचं वाटतं. म्हणून हा खटाटोप.

बातमी अशी की आम्ही इथे घर घ्यायचं म्हणतो आहोत. बँकेने बदली करून मला इथे पाठवलं तेव्हा पवनीला कधी परत येतो असं झालं होतं. आता तृप्तीला बंदरआळी सोडवत नाही. आळी म्हणजे कशी, तर घराला घर चिकटलेलं, चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, आणि बोळ एवढा अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने उंबऱ्यावर चढायचं. एका घरात फोडणी करपली की चौथ्या घरातून विचारणा होते. टोकाला समुद्र. नव्याने बांधायला इथे परवानगी मिळत नाही, त्यामुळे जुन्या घरावर शहरातल्या लोकांच्या उड्या पडतात.

आमच्या घरमालकीण चंद्रभागाबाई कुबल. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्यांच्या दिरांचं शेजारचं घर रिकामं आहे आणि ते विकायचं काम दिरांनी काकूंवर सोपवलं आहे. भिंत सामाईक आणि पुढचं अंगणही सामाईक. अंगणाला इथे खळं म्हणतात. हे घर आम्हालाच मिळावं असं फार वाटतं. पण इथली रीत अशी की घर देण्याआधी घेणाऱ्याच्या मूळगावी चौकशी करतात, मुलगी देताना करतात तशी. काकूंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या तुला पत्र लिहिणार आहेत.

आता एक गोष्ट तुला माहीत असलेली बरी. खोली भाड्याने घेताना तृप्तीने, कोणी विचारायच्या आत, आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत असं सांगून टाकलं. नागपुरात आणि पुण्यात इतक्या घरमालकांपुढे हे वाक्य म्हणून झालं आहे की कुलपाला किल्ली लावावी तसं ते आपोआप निघतं. काकूंचा चेहरा पडला. त्यांना संशय आला असं वाटून तृप्तीने अंडंसुद्धा चालत नाही असं वर जोडलं. तेव्हापासून आम्ही समुद्राकाठी भेंडी खातो आणि रविवारी मोटारसायकलने कुडाळला, समुद्राकडे पाठ करून, मासे खायला जातो.

तर काकूंचं पत्र आलं की सांभाळून घे. लोभ आहेच, यावेळी थोडा जास्त लागेल.

तुझा,
विनोद

---

पवनी,
२४ नोव्हेंबर २०२३

चि. विनोद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. कुडाळच्या वाक्याशी तिने मला थांबवलं आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, कोणी इचारलं नव्हतं तं सांगाले गेली कायले? इचारल्यावर खोटं बोलणं समजते, हे तं दारावर जाऊन खोटं वाटून येणं झालं.

घराला मात्र तिची हरकत नाही. मला वाटलं होतं ती पाण्याला भिईल. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तिचं माहेर गेलं, आता पुलावरून जाताना ती त्या बाजूला बघतही नाही. पण ती म्हणाली, पुनर्वसनात रस्ते रुंद केले, प्लॉट आखून देले, अन् भाऊ मेला तं शेजारच्याले सकाळी समजलं. घराले घर लागून असन तं घेऊन टाक म्हणा त्याले.

आता माझं. विनोद, तू मला सांभाळून घे असं लिहितोस, जणू एखादी पिशवी सांभाळायची आहे. मी कॉलेजात मुलींना वर्षभर सांगते की आपण कोण आहोत ते लपवू नका, आणि घरी येऊन माझ्या भावाचा मासा लपवू? रोजनिशीत काल रात्री मी बाजू मांडल्या. एकीकडे सत्य, दुसरीकडे तुझं घर. सत्याच्या बाजूला पुष्कळ लिहिलं. मग लक्षात आलं की पुण्यात मी तुझ्याकडे पंधरा दिवस राहिले तेव्हा खिडक्या लावून सुकट भाजणारी मीच होते.

काकूंचं पत्र येऊ दे. मी एकही खोटं वाक्य लिहिणार नाही, आणि तुझं नुकसानही होऊ देणार नाही. कसं ते अजून मला माहीत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते कुडाळपर्यंतही पोचतील.
ताई

---

मालवण,
५ डिसेंबर २०२३

सौ. रत्नमालाताई यांस,
चंद्रभागा कुबल हिचा नमस्कार. आपली ओळख नाही, तरी लिहिते. तुमचे बंधू आमच्याकडे वर्षभर राहतात. माणूस सज्जन. सूनबाई कामसू. भाडं मागावं लागत नाही.

शेजारचं घर त्यांना हवं आहे. मी एकटी आहे, मुलगा पुण्याला. माझी भिंत आणि माझं खळं ज्याच्याशी जोडलेलं राहणार, तो कोण हे मला समजायला हवं. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. घरात भांडणतंटा आहे काय? आणि तुमच्या घरचं खाणंपिणं कसं? सूनबाईंनी सांगितलं आहे, पण तरुण माणसं काहीही सांगतात. तुम्ही मोठ्या आहात, कॉलेजात शिकवता, तुम्ही लिहाल ते मी खरं मानीन.

कळावे, आणि लवकर कळवावे. मला वाट बघायची सवय आहे, आवड नाही.
चंद्रभागा कुबल

---

पवनी,
१४ डिसेंबर २०२३

श्रीमती चंद्रभागाबाई यांस,
सप्रेम नमस्कार. आपलं पत्र वाचून आनंद झाला. आमच्याकडे धानाची मळणी आटोपली आहे, थंडी पडली आहे.

भांडणाचं म्हणाल तर विनोद लहानपणापासून भांडण सुरू झालं की पाणी प्यायला उठून जातो. अजूनही जातो.

खाण्याचं असं. आज आमच्याकडे लाखोळीची डाळ, भात आणि वांग्याची भाजी झाली. काल चवळीच्या शेंगा होत्या. माझ्या आईने गेला महिनाभर मासळीला हात लावलेला नाही. माझ्या दिवंगत वडिलांना तर माशाचा नुसता वास आला तरी ते घराबाहेर जाऊन बसत. तृप्तीच्या हातची मेथीची भाजी आपण खाल्ली असेलच. तशी आमच्या साऱ्या नात्यात कोणाला जमत नाही.

मी एक साधी शिक्षिका आहे. माझ्या शब्दावर आपण विश्वास ठेवता याचं मला ओझं वाटतं, आणि ते खरंच वाटतं.

आपला स्नेह नवा आहे, तो जुना होवो.
रत्नमाला

---

मालवण,
२७ डिसेंबर २०२३

सौ. रत्नमालाताई यांस,
चंद्रभागा कुबल हिचा नमस्कार. तुमचं पत्र मी शेजारणींनाही वाचून दाखवलं. इतकं सरळ पत्र क्वचित येतं. तुमच्या वडिलांचं वाचून तर खात्रीच पटली.

म्हणूनच वाईट वाटतं, पण घर मला तुमच्या बंधूंना देता येणार नाही.

रागावू नका, कारण सांगते. आमच्या आळीत खळ्यात मासळी सुकते. बांगडे, सुंगटं, बोंबील. पावसाळ्यात त्यावरच आम्ही जगतो, आणि काही बायकांचं तर पोटच त्यावर आहे. मागे टोकाचं घर शहरातल्या एका कुटुंबाने घेतलं. भली माणसं, पण शाकाहारी. जुनं घर त्यांना फार आवडलं, फोटो काढले, दाराला जुन्या बोटीचं चाक लावलं. मग त्यांना वास येऊ लागला. अर्ज केले. त्या बाजूच्या बायकांनी सुकवणं बंद केलं, आता त्या डोक्यावर टोपल्या घेऊन लांब वाळूत जातात. माझ्या खळ्यात पाच घरांची मासळी सुकते. अर्धं खळं घेणाऱ्याच्या नावावर जाणार. मी शाकाहाऱ्याला घर दिलं तर आळीला तोंड कसं दाखवू?

तुमचे बंधू कधी तक्रार करत नाहीत. खोली घेतली तेव्हा मी काही बोलले नाही, भाडेकरू आज आहे, उद्या नाही. आम्ही त्यांच्या दारासमोरून मासळीची टोपली नेताना पदराने झाकतो. पण घर म्हणजे जन्माचं.

तुमच्या आईंना नमस्कार. त्यांचं व्रत देव पूर्ण करो.
चंद्रभागा कुबल

---

मालवण,
२ जानेवारी २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. काकूंनी मला खळ्यात उभं करून सगळं सांगितलं. ऐकू येत नसल्यामुळे त्या मोठ्याने बोलतात, त्यामुळे आळीनेही ऐकलं. मासळी साफ करत बसलेल्या बायका माझ्याकडे दयेने बघत होत्या. एकीने तर सुचवलं की कांदालसणाची आमटी करून बघा, हळूहळू सवय होईल.

ताई, लहानपणापासून तुझ्या खरेपणामुळे मी मार खाल्ला. आयुष्यात एकदा माझ्यासाठी गोलमाल बोललीस आणि तेही इतकं चोख केलंस की त्यातून सुटकाच नाही! आईने महिनाभर मासळीला हात लावला नाही हे कुठून काढलंस?

तृप्ती रडली. म्हणते, पहिल्यांदाच एका गावात मासे खातो म्हणून घर मिळत होतं, आणि तिथेच आम्ही नाही म्हणालो. मी आता काकूंना जाऊन सांगितलं तर घर मिळावं म्हणून खातो म्हणतो असं वाटणार. दुसरं एक गिऱ्हाईक होळीनंतर येणार आहे, मुंबईचं. ते मासे खातात याची काकूंनी चौकशी करून घेतली आहे.

तूच काहीतरी कर. तू केलंस, तूच निस्तर, असं म्हणणार होतो; पण सुरुवात आमची होती. लोभ असू दे.
विनोद

---

पवनी,
१० जानेवारी २०२४

श्रीमती चंद्रभागाबाई यांस,
नमस्कार. हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फार सुंदर झाली होती म्हणून फाडली.

माझ्या मागच्या पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळं पत्र मात्र खोटं होतं. आईने महिनाभर मासळीला हात लावला नव्हता, कारण तिची दाढ काढली होती. त्या महिन्यात मासे मी साफ केले आणि रस्सा तिने वाटीने प्याला. वडिलांना कच्च्या माशाचा वास सहन होत नसे हे खरं, म्हणून ते बाहेर बसत. शिजल्यावर सगळ्यांत आधी पानावर तेच येत. आमच्या दारावर वैनगंगेची मासळी घेऊन बाई येते, तिला आमच्या घरी हाक मारावी लागत नाही. मरळ आला तर विनोद डोकं कोणाला देत नाही. झिंगे आम्ही उन्हात सुकवतो, आमच्या छपरावर, आणि मांजरीला हाकायला आई काठी घेऊन बसते.

तृप्तीने तुम्हाला खोटं का सांगितलं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. शहरात घर बघायला गेलं की आधी खाणं विचारतात. खाणं विचारताना त्यांना दुसरंच काही विचारायचं असतं, आणि आपल्याला ते कळतं. मग आपण आधीच उत्तर देऊन टाकतो. तुम्ही खरोखर मासळीबद्दलच विचारत होता हे आमच्या ध्यानातच आलं नाही. इतक्या सरळ प्रश्नाची आम्हाला सवय नव्हती.

आता तुम्ही माझं का मानावं? मानू नका. विनोदला आणि तृप्तीला जेवायला बसवा आणि काटे असलेला मासा वाढा. शाकाहारी माणसाला काटे काढता येत नाहीत. पहिल्या घासालाच कळेल.

आईने हे पत्र ऐकलं आणि म्हणाली, हे आधीच लिवलं असतं तं टपालाचं तिकीट वाचलं असतं. स्नेह राहिला असेल तर ठेवावा.
रत्नमाला

---

मालवण,
२२ जानेवारी २०२४

रत्नमालाताई,
चंद्रभागा कुबल हिचा नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला राग आला. दिवसभर होता. संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याला ओरडून विचारलं, मालवणातून पाठवलेली सुंगटं मिळाली काय? तो तीनदा बोलला तेव्हा मला ऐकू आलं. म्हणतो, आई, हळू बोल, खाली घरमालक आहेत, त्यांना मी माळकरी म्हणून सांगितलं आहे. मग माझा राग कोणावर धरावा ते मला सुचेना.

रविवारी तुमच्या माणसांना जेवायला बोलावलं. पेडवे केले, मुद्दाम. काटा फार बारीक असतो. बंधूंनी ताटाच्या कडेला काटे इतके नेटके लावले की आमच्या शेजारणी बघायला आल्या. सूनबाई तिसऱ्या वाढीला रडली. मी म्हटलं, रडा पण जेवा.

खाण्याचं मिटलं. आता आळीतली माणसं आणखी एक विचारतात, ते विचारायचं राहिलं होतं. तुमचे लोक कोणते? ते कळवा म्हणजे पुढचं ठरवता येईल.

आईंच्या दाढेला लवंगेचं तेल लावा.
चंद्रभागा कुबल

---

पवनी,
१ फेब्रुवारी २०२४

श्रीमती चंद्रभागाबाई यांस,
सप्रेम जयभीम.

उत्तर पहिल्या ओळीत आलं आहे, तरी स्पष्ट लिहिते. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. हे मी विनोदला न विचारता लिहिते आहे. तो कदाचित थोडं थांब म्हणाला असता, आणि मी कदाचित थांबले असते.

तुमच्या मागच्या पत्रातला प्रश्न वाचून मी दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. अजून थोडी आहे. घर द्यायचं नसेल तर तसं लिहा, मासळीवर घालू नका. आईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, बाईने पेडवे चारले, उगाच नाही चारले. आईचं खरं ठरो.

काही झालं तरी माझ्या भावाला पोटभर जेवू घातलंत, हे विसरणार नाही.
रत्नमाला

---

मालवण,
२६ मे २०२४

ती. ताईस,
विनोद व तृप्तीचा सप्रेम जयभीम. खरेदीखत झालं ते फोनवर सांगितलंच, पण आईसाठी कागदावर लिहितो: घर आपलं झालं. अर्ध्या खळ्यात सध्या पाच घरांचे बांगडे आहेत आणि कावळे हाकायचं काम माझ्याकडे आहे. बँकेत मी साहेब आहे.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं त्या दिवसाबद्दल तुला लिहायचं राहिलं. काकूंनी मला खळ्यातून हाक मारली. हातात तुझं पत्र. चेहरा नाराज. म्हणाल्या, तुझ्या ताईने एवढं लांब लिहिलं पण तारीख लिहिलीच नाही. मी विचारलं, कसली तारीख? तर म्हणे ताटाची. या आळीत प्रत्येक घर आपापल्या सणाला सगळ्यांकडे ताट पाठवतं. काकूंचं गणेशचतुर्थीला येतं, फर्नांडिसांचं नाताळात, शेखांचं ईदेला. नव्या घराचं ताट कधी येणार ते आळीला आधी ठाऊक हवं, नाहीतर दोन ताटं एका दिवशी येतात आणि अन्न वाया जातं. मी बुद्धपौर्णिमा सांगितली. त्यांनी आत जाऊन कॅलेंडरवर खूण केली.

या गुरुवारी पौर्णिमा झाली. तृप्तीने पहाटे उठून खीर केली आणि वाट्या घरोघर दिल्या. सगळ्यांनी घेतल्या. फर्नांडिसकाकांनी दुसऱ्यांदा मागितली. फक्त समोरच्या घरातून वाटी तशीच परत आली. निरोप असा की घरात सगळ्यांना मधुमेह आहे. घरात आजी-आजोबा, मुलगा, सून आणि नात आहे. नात तीन वर्षांची. दुपारी ती आमच्या पायरीवर बसून लिमलेटच्या गोळ्या खात होती.

तृप्ती म्हणते सोडून दे. काकू म्हणाल्या, त्या घराला चाळीस वर्षं काही ना काही होतंच असतं. मला काय वाटतं ते मलाच नीट कळत नाही. तुला कळेल असं वाटलं. लोभ आहे, तो नव्या पत्त्यावर पाठव.

विनोद

---

पवनी,
५ जून २०२४

चि. विनोद व चि. सौ. तृप्ती यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. ऊन अजून कडक आहे, नदीचं पाणी बॅकवॉटरमुळे उन्हाळ्यातही घाटाच्या पायऱ्यांवर आहे, आईचं बरं चाललं आहे. घर झाल्याचं वाचून तिने पत्र माझ्या हातून घेतलं आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. उरलेलं पत्र वाचायला मला ते परत मागावं लागलं.

तारखेचं वाचून मला लाज वाटली. चंद्रभागाबाईंना वेगळं पत्र लिहिते आहे. मग समोरच्या घराचं वाचलं, आणि माझी लाज निम्मी झाली. माझा संशय अगदीच वेडा नव्हता, फक्त दार चुकला होता. याचं समाधान वाटावं का, हे मी रोजनिशीत लिहिलं, आणि वाटू नये असं ठरवलं. तरी थोडं वाटलं.

तू विचारतोस काय करायचं. माझं मत असं होतं की पुढच्या वर्षी त्या दारावर वाटी नेऊ नये. आपला मान आपण राखावा. मी हे चांगलं तासभर आईला समजावून सांगितलं, मुद्द्यांसह. ती तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, तुहा मान वाटीत मावते का? वाटी जाऊ दे.

मी विचारलं, परत आली तर? ती म्हणाली, आली तं खाऊन टाकजा, खीरच हाये ते. अन् पुढच्या साली डबल धाडजा. त्यायले सांगजा, आमी बिमारी इचारतो, जात नाही इचारत. सगळ्यायची साखर उतरेपर्यंत धाडत राहा.

मी हे माझ्या शब्दांत नीट लिहिणार होते. तिने नको म्हटलं, जसं बोलली तसंच लिही म्हणाली, आणि लिहिलेलं दोनदा वाचून घेतलं.

आईचे आणि माझे आशीर्वाद. पत्र लिहीत जा. फोनवरचं तिला अजूनही खरं वाटत नाही.

तुझी,
ताई